इजा झाली, भरपाई कोणाकडे मागायची?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे अपघात आणि इजा यांविषयीची आहेत. ती ठाणे, कळवा, कोपरखैरणे अशा जवळपासच्याच भागांतून आली आहेत, आणि पोलिसांत तक्रार नोंदवली म्हणजे भरपाईचे काम सुरू झाले, अशी बहुतेक पत्रलेखकांची समजूत दिसते. ती चुकीची आहे. फौजदारी खटला अपराध्याला शिक्षा व्हावी यासाठी असतो. तुमचे मोडलेले हाड, बुडालेली रोजची कमाई आणि दवाखान्याचे बिल यांचा हिशेब तिथे होत नाही. तो हिशेब दिवाणी न्यायालयात अपकृत्याच्या कायद्याखाली (म्हणजे दुसऱ्याच्या चुकीने किंवा हयगयीने झालेले नुकसान भरून मागण्याच्या कायद्याखाली), किंवा त्यासाठी खास नेमलेल्या न्यायाधिकरणापुढे मागावा लागतो, आणि त्या प्रत्येक ठिकाणची मुदत वेगळी असते. पोलिसांकडे हेलपाटे घालण्यात ही मुदत निघून गेलेली माणसे मी ठाण्याच्या न्यायालयात वर्षानुवर्षे पाहत आले आहे, म्हणून या वेळी सहा पत्रांना थोडी सविस्तर उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : आदरणीय वकीलताई, मी ३८ वर्षांचा असून घरोघरी वायरिंगची कामे करतो. जुलै महिन्यात रात्री घरी परतताना घोडबंदर रस्त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात माझी स्कूटर आदळली आणि मी पडलो. हेल्मेट घातलेले होते. दुसरे कोणतेही वाहन नव्हते. मांडीचे हाड मोडले, आत रॉड बसवला आहे आणि चार महिने मी घरी आहे. एका कार्यालयात गेलो तर रस्ता आमच्याकडे नाही म्हणतात, दुसऱ्या कार्यालयात ठेकेदाराकडे बोट दाखवतात. मला भरपाई मिळू शकेल का, आणि ती कोणाकडून?

उत्तर : मिळू शकेल, पण आपल्या हातात वेळ कमी आहे, म्हणून आधी मुदतीचे सांगते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ४८७ प्रमाणे महानगरपालिकेने आपले काम करताना केलेल्या कृतीबद्दल किंवा हयगयीबद्दल दावा लावायचा असेल, तर आधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दाव्याचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. म्हणजे जुलैच्या अपघातासाठी जानेवारीत मुदत संपते आणि नोटिशीचा महिना त्याच्या आधीच मोडतो. प्रत्येक प्रकरणाला हे कलम लागू होते की नाही यावर वकील वाद घालू शकतात, परंतु आपल्यासारख्या माणसाने त्या वादावर विसंबून राहू नये. सहा महिनेच हाताशी आहेत असे समजून चालावे. रस्ता राज्य शासनाच्या विभागाकडे असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे नोटीस दोन महिन्यांची लागते.

रस्ता कोणाचा हे शोधून काढण्याचे ओझे पडलेल्या माणसाच्या डोक्यावर यावे, याची मला मनापासून चीड येते. कायद्यात मात्र यावर तोड आहे. भरपाई नेमकी कोणाकडून मिळेल याविषयी वादीला शंका असेल, तर ज्यांच्यावर जबाबदारी असू शकते अशा सर्वांना प्रतिवादी करण्याची मुभा दिवाणी प्रक्रिया संहिता देते. म्हणून नोटीस एकालाच देऊ नका. महानगरपालिका, रस्ता ज्या यंत्रणेकडे असण्याचा संभव आहे ती यंत्रणा आणि तिथे खोदकाम करणारा ठेकेदार, या तिघांनाही द्या. सोबत माहितीच्या अधिकारात अर्ज करून अपघाताच्या दिवशी त्या पट्ट्याची देखभाल कोणाकडे होती हे विचारा. त्याचे उत्तर देण्यास अधिकाऱ्याला ३० दिवस असतात. त्या उत्तराची वाट पाहत नोटीस थांबवू नका.

दावा लावण्याआधीही एक मार्ग आता उपलब्ध आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी, २०१३ पासून चालत आलेल्या, न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या जनहित याचिकेत, खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे होणाऱ्या मृत्यूसाठी ६ लाख रुपये आणि इजेसाठी तिच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली आहे. महानगरपालिकेच्या हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती हे प्रकरण पाहते, आणि रक्कम सहा ते आठ आठवड्यांत न दिल्यास तिच्यावर ९ टक्के व्याज चढते. ही भरपाई इतर कायदेशीर मार्गांना पर्याय म्हणून नव्हे, तर त्यांच्या जोडीला आहे. तेव्हा समितीकडे अर्ज कराच. पण मांडीत रॉड असलेल्या आणि शिडीवर चढूनच पोट भरणाऱ्या माणसाचे नुकसान त्या रकमेत भरून येईल असे मला वाटत नाही, त्यामुळे दाव्याची तयारीही चालू ठेवा.

न्यायालयात आपल्याला तीन गोष्टी दाखवाव्या लागतील : रस्ता वाहतुकीस सुरक्षित ठेवण्याचे कर्तव्य समोरच्यावर होते, ते त्याने पाळले नाही, आणि त्यामुळेच आपण पडलात. तिसऱ्या गोष्टीवर बहुतेक दावे अडखळतात, आणि त्याचे मूळ पुष्कळदा दवाखान्याच्या पहिल्या कागदात असते. अपघात विभागात डॉक्टर घाईत विचारतात, ‘काय झाले?’ सोबत आलेला माणूस म्हणतो, ‘गाडी घसरली.’ केसपेपरवर तेवढेच लिहिले जाते, आणि दोन वर्षांनी समोरचा वकील तोच कागद पुढे करून विचारतो की यात खड्डा कुठे आहे. आपला केसपेपर आजच काढून पाहा. खड्ड्याचा उल्लेख नसेल, तर खाडाखोड करून घेऊ नका, त्याने संशय वाढतो. आपल्याला उचलून रिक्षात घातले त्या माणसाचा पत्ता मिळवा, शेजारच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचे चित्रण शिल्लक आहे का ते विचारा (ते बहुधा काही दिवसांतच पुसले जाते), आणि त्याच खड्ड्याबद्दल आधी कोणी तक्रार केली होती का ते माहितीच्या अधिकारात मागा. आधीची तक्रार सापडली, तर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हा बचाव टिकणार नाही.

भरपाईच्या रकमेबाबत सर्वोच्च न्यायालयाचा राज कुमार विरुद्ध अजय कुमार हा २०१० चा निवाडा आपल्या कामाचा आहे. अपंगत्वाच्या दाखल्यावर पायाचे टक्के किती लिहिले आहेत यापेक्षा त्या माणसाची कमावण्याची ताकद किती कमी झाली हे पाहायचे, असे तो सांगतो. टेबलावर बसून काम करणाऱ्याला २० टक्के अपंगत्व फारसे अडवणार नाही, पण वायरमनचा धंदा त्याच २० टक्क्यांनी निम्मा होऊ शकतो. म्हणून आपण कोणती कामे करत होतात आणि आता कोणती करता येत नाहीत हे ग्राहकांच्या जबाबातून पुढे आणा. स्कूटरच्या विमा पॉलिसीत मालक-चालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, तेही तपासा. मात्र ते मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वापुरतेच असते, जुळून आलेल्या हाडासाठी नव्हे.

प्रश्न : ताई, माझी आई ५२ वर्षांची आहे, घर सांभाळते. कोपरखैरण्यात रस्ता ओलांडताना तिला टेम्पोने उडवले. कंबरेचे हाड मोडले असून ती आता काठीशिवाय चालत नाही. पोलिसांनी गुन्हा नोंदवला आहे. टेम्पोमालकाचा माणूस घरी येऊन ६० हजार रुपये घ्या आणि कागदावर सही करा म्हणतो. नातेवाईक सांगतात की फौजदारी खटल्याचा निकाल लागेपर्यंत काहीच करता येत नाही, आणि आई कमावती नसल्याने जास्त मिळणारही नाही.

उत्तर : नातेवाइकांनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि त्या कागदावर आईची सही किंवा अंगठा होऊ देऊ नका.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीने, जी या बाबतीत १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली, या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. खटल्याच्या निकालाची वाट पाहिलीत तर ही मुदत कित्येक पटींनी उलटून जाईल. शिवाय दोन्हीकडे पुराव्याची कसोटी वेगळी आहे. चालकाला शिक्षा होण्यासाठी गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. न्यायाधिकरणाला मात्र चालकाची चूक असण्याची शक्यता अधिक आहे एवढे दिसले तरी पुरते. त्यामुळे उद्या चालक सुटला तरी आईचा दावा आपोआप पडत नाही. आपण जिथे राहता तिथल्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो.

आता आईच्या कमाईविषयी. गृहिणीच्या कामाला पैशातले मोल आहे हे सर्वोच्च न्यायालयाने लता वाधवा (२००१) प्रकरणापासून मान्य केले आहे, आणि कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या २०२१ च्या निवाड्यात तर गृहिणीचे मानीव (गृहीत धरलेले) उत्पन्न ठरवताना भविष्यातील वाढही धरली पाहिजे असे म्हटले आहे. पहाटे उठून डबे करणारी, घरातल्या आजाऱ्याचे करणारी बाई अंथरुणाला खिळली की त्या कामासाठी किती माणसे लावावी लागतात, हे आपल्या घरात आपण सध्या अनुभवतच असाल. समजण्यासाठी एक हिशेब मांडते. न्यायाधिकरणाने आईच्या कामाचे मोल महिना १२ हजार धरले, तर वर्षाचे १ लाख ४४ हजार होतात. प्रणय सेठी (२०१७) निवाड्याप्रमाणे ५० ते ६० वयोगटासाठी १० टक्के वाढ मिळवली की १ लाख ५८ हजार ४००. सरला वर्मा (२००९) निवाड्यातील तक्त्याप्रमाणे ५१ ते ५५ वयासाठी गुणक (वर्षाची रक्कम जितक्या पट करायची तो आकडा) ११ आहे, म्हणजे १७ लाख ४२ हजार ४००. काम करण्याची क्षमता ४० टक्के गेली असे ठरले, तर केवळ या एका सदराखाली ६ लाख ९६ हजार ९६० रुपये होतात. दवाखान्याचा खर्च, मदतनीस बाईचा पगार, रिक्षाभाडे, सोसलेल्या वेदना आणि पुढची शस्त्रक्रिया हे सारे त्याव्यतिरिक्त धरले जाते. कोणाचाही दोष सिद्ध न करता कलम १६४ खाली गंभीर दुखापतीसाठी मिळणारी रक्कमसुद्धा अडीच लाख आहे. आता त्या ६० हजारांकडे पाहा.

आई झेब्रा पट्ट्यावरून जात नव्हती असा मुद्दा विमा कंपनी काढील. तो मान्य झाला तर भरपाईतून काही टक्के कापले जातील, पण दावा बुडत नाही. चालकाकडे परवाना नव्हता असे निघाले, तर पुष्कळ प्रकरणांत विमा कंपनीला आधी जखमीला रक्कम देऊन नंतर ती मालकाकडून वसूल करण्याचा आदेश होतो. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हा आईचा हक्क आहे, तो मागताना संकोच बाळगू नका.

प्रश्न : वडिलांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया एका खासगी रुग्णालयात झाली, पण वेदना तशाच आहेत. डॉक्टरांवर दावा लावता येईल का?

उत्तर : गुण आला नाही एवढ्यावरून डॉक्टरांची हयगय ठरत नाही. त्या शाखेतल्या साधारण कुशल डॉक्टरने जी काळजी घेतली असती ती घेतली गेली नाही, हे दाखवावे लागते. जेकब मॅथ्यू (२००५) निवाड्यातही हीच कसोटी आहे. म्हणून आधी उपचारांचे सर्व कागद लेखी अर्ज करून मागा. वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे ते ७२ तासांत द्यावे लागतात. ते दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. त्यांनी चूक दाखवली, तर पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे १९९५ पासून निश्चित आहे. ग्राहक आयोगाकडे जाण्यास दोन वर्षांची मुदत असते.

प्रश्न : मी नौपाड्यातील ३४ वर्षे जुन्या सोसायटीचा सचिव आहे. गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीखालचे प्लास्टर निखळून आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या डोक्यात पडले. आठ टाके पडले, त्या महिनाभर कामावर नाहीत. समितीतील काहींचे म्हणणे आहे की पैसे दिले तर चूक कबूल केल्यासारखे होईल. समितीच्या सभासदांवर वैयक्तिक जबाबदारी येते का?

उत्तर : आपल्या समितीला माझे उत्तर आवडणार नाही, तरी स्पष्ट लिहिते. इमारतीचा सामाईक भाग ज्याच्या ताब्यात आहे, त्याने तो तिथून ये-जा करणाऱ्यांसाठी सुरक्षित ठेवला पाहिजे. मावशी कोणाकडे कामाला होत्या आणि सभासद होत्या की नव्हत्या, याने फरक पडत नाही. दिल्लीत चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे मेली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये सुभागवंती प्रकरणात म्हटले की वास्तू नीट राखली असेल तर ती अशी कोसळत नाही. घटना स्वतःच हयगयीची साक्ष देते, आणि हयगय नव्हती हे मालकाने दाखवायचे असते. निखळलेल्या प्लास्टरला हा तर्क जसाच्या तसा लागतो. त्यात आपली इमारत ३० वर्षांपुढची आहे. सोसायट्यांसाठीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) अशा इमारतीचे स्थापत्य परीक्षण (स्ट्रक्चरल ऑडिट) दर तीन वर्षांनी व्हायला हवे. शेवटचे परीक्षण कधी झाले, त्यात गॅलऱ्यांविषयी काय लिहिले होते, आणि तो अहवाल सभेपुढे ठेवून समितीने काय ठराव केला, हे तीन कागद आपला बचाव ठरवतील.

जबाबदारी मुख्यतः सोसायटीची, म्हणजे सर्व सभासदांच्या निधीची आहे. केवळ पदावर असल्यामुळे सचिवाला स्वतःच्या खिशातून द्यावे लागत नाही. पण धोक्याचा अहवाल हाती असून तो जाणूनबुजून दडपला असेल, तर वैयक्तिक जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो.

मावशींना पैसे देण्याविषयी समितीची भीती अनाठायी आहे. ‘हक्क आणि बचाव राखून’ अशा स्पष्ट अटीवर दिलेली मदत दिवाणी प्रकरणात कबुली धरली जात नाही. त्यांचा दवाखान्याचा खर्च आणि ज्या ज्या घरी त्या जात होत्या त्या सर्व घरांचा बुडालेला पगार सोसायटीने आजच द्यावा. त्यांच्या हाती दावा लावण्यासाठी मुदतीच्या कायद्याप्रमाणे साधारण तीन वर्षे आहेत, पण ज्या बाईचे घर रोजच्या कामावर चालते तिला तीन वर्षे थांबायला लावणे मला माणुसकीला धरून वाटत नाही. आणि गॅलरीखालचा तो भाग दोरी लावून लगेच बंद करा; दुसऱ्यांदा प्लास्टर पडले तर आपल्याकडे सांगण्यासारखे काहीही उरणार नाही.

प्रश्न : रस्त्याकडेच्या झाडाची फांदी पडून माझा खांदा निखळला. महानगरपालिका भरपाई देईल का?

उत्तर : झाडांच्या बाबतीत वाट बिकट आहे. राजकोटमध्ये रस्त्याने पायी जाणाऱ्या एका गृहस्थाचा झाड अंगावर पडून मृत्यू झाला, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये महानगरपालिकेला जबाबदार धरले नाही. झाड पडेल याची पूर्वकल्पना तिला होती असे दाखवता आले नव्हते. म्हणून सारा भर त्या पूर्वकल्पनेवर द्या. फांदी वाळलेली होती का, ती तोडण्यासाठी आसपासच्या कोणी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज केला होता का, हे शोधा. तसा अर्ज मिळाला तर दावा लावा, आणि पहिल्या उत्तरात सांगितलेली नोटीस व सहा महिने इथेही ध्यानात ठेवा. अर्ज मिळाला नाही तर खर्चात पडण्याचा सल्ला मी देणार नाही.

प्रश्न : माझा २४ वर्षांचा भाऊ सकाळच्या गर्दीत कळवा ते मुंब्रा दरम्यान लोकलमधून पडला. एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला. या गोष्टीला आठ महिने झाले. त्याचा पास त्या धांदलीत हरवला. दारात उभा होता म्हणून चूक त्याचीच, असे सगळे म्हणतात.

उत्तर : सगळे म्हणतात ते कायदा म्हणत नाही. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १२४-अ प्रमाणे गाडीतून चुकून पडणे ही ‘अनुचित घटना’ आहे, आणि तिची भरपाई रेल्वेची चूक असो वा नसो द्यावीच लागते. आत्महत्या, जाणूनबुजून करून घेतलेली इजा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य, नशा किंवा वेड आणि नैसर्गिक आजार एवढेच अपवाद आहेत. प्रवाशाच्या निष्काळजीपणाचा त्यांत समावेश नाही. नुसता निष्काळजीपणा म्हणजे स्वतःहून करून घेतलेली इजा नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या रीना देवी (२०१८) निवाड्याने स्पष्ट केले आहे. ज्या मार्गावर सकाळी आत पाय ठेवायला जागा मिळत नाही, त्या मार्गावरच्या पोराला दारात का उभा होतास असे विचारणे मला क्रूर वाटते.

पास हरवल्याने दावा जात नाही. त्याच निवाड्याप्रमाणे तिकीट सापडले नाही एवढ्यावरून माणूस विनातिकीट ठरत नाही. प्रवासाची हकीकत प्रतिज्ञापत्रावर सांगितली की ती खोटी आहे हे दाखवण्याचे ओझे रेल्वेकडे जाते. तरीही पास मोबाइलवर काढला असेल तर त्याची नोंद, खिडकीवर काढला असेल तर ओळखपत्राचा क्रमांक, आणि रोज त्याच गाडीने जाणाऱ्या मित्राचे प्रतिज्ञापत्र जोडा. स्टेशन मास्तरांचा मेमो आणि रेल्वे पोलिसांचा पंचनामा यांच्या प्रती मिळवा. रेल्वेच्या भरपाई नियमांत मृत्यूसाठी आठ लाख रुपये ठरलेले आहेत आणि अवयव गमावल्यास त्याच नियमांच्या परिशिष्टाप्रमाणे रक्कम मिळते.

रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करण्यास घटनेपासून एक वर्ष असते. आपले आठ महिने गेले आहेत. पंचनाम्याची प्रत मिळायलाच काही आठवडे लागतात, तेव्हा तिच्यासाठीचा अर्ज याच आठवड्यात रेल्वे पोलिसांकडे द्या आणि त्याची पोच घेऊन ठेवा.